भाकड म्हैस आणि इनर जॉइन

“यात आक्का न्हाई.” यादीवरून बोट सरकवत आबा शेवटच्या ओळीपर्यंत गेले, एवढंच म्हणाले आणि कागद माझ्या हातात परत दिला. आबा म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचे जुने सचिव. सकाळचं संकलन नुकतंच संपलं होतं. फरशीवर पाणी मारलेलं, तरी दुधाचा आंबूस वास तसाच रेंगाळलेला. फॅटच्या मशीनशेजारी थर्मल पावत्यांचे तुकडे पडलेले, बाहेर कॅनच्या झाकणांचा आवाज. कोण आक्का, असं मी विचारलं. “वरच्या गल्लीची. म्हस भाकड हाय तिची. पण म्हस भाकड हाय म्हणून बाई सभासद न्हाई व्हय? पेंडंची उचल बाकी हाय तिच्याकडं. ती कुणाच्या नावावर दावायची?” कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: सर्व सभासद, दहा दिवसांचं संकलन व येणे बाकी. त्यातला ‘सर्व’ हा शब्द आबांना खटकला होता, आणि तेव्हापासून तो मलाही खटकत राहिला.

संस्थेचं सॉफ्टवेअर एका छोट्या कंपनीनं करून दिलेलं. ती कंपनी पुढे बंद पडली आणि कोड माझ्याकडे आला, कारण गावातली पुण्याला ‘कॉम्प्युटरमध्ये’ असलेली मुलगी मीच. जँगो या पायथनच्या वेब-चौकटीत लिहिलेलं साधं, नीटनेटकं काम आहे. त्या रात्री माडीवर बसून मी तो रिपोर्ट उघडला. ज्यानं लिहिला त्याचा हात चांगला होता. सभासद घे, त्यांचं या तारखांमधलं संकलन बघ, लिटरची बेरीज कर, नावानुसार लाव. मोठ्यानं वाचलं तर आबांनाही कळेल इतकं सरळ. बोट ठेवावं अशी एकही जागा नव्हती. मग त्या ओळींमधून तयार होणारं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला विचारायची भाषा, छापून बघितलं, आणि मधोमध दोन शब्द दिसले: इनर जॉइन. म्हणजे दोन्ही टेबलांत जुळतील तेवढ्याच ओळी घे. ते कोणी लिहिलेलेच नव्हते. तारखेची अट संकलनाच्या टेबलावर पडली आणि ओआरएमनं, म्हणजे कोडचं एसक्यूएल करून देणाऱ्या जँगोच्या भागानं, ते ठरवून टाकलं. ती अट नसती, नुसती बेरीजच मागितली असती, तर याच जँगोनं आपण होऊन लेफ्ट आउटर जॉइन, म्हणजे जुळो न जुळो डावीकडचे सगळे ठेवणारा जोड, केला असता आणि आक्का यादीत राहिली असती. जँगोचं तर्कशास्त्र चोख आहे. ज्या सभासदाची संकलनाची नोंदच नाही, तिची तारीख रिकामी. रिकामी तारीख कुठल्याच दोन तारखांच्या मध्ये बसत नाही. मग लेफ्ट जॉइनचा उपयोग काय? सगळं बरोबर, फक्त आक्का गेली.

आबांच्या जुन्या खतावण्या मी पाहिलेल्या आहेत. लहानपणी आजीबरोबर संध्याकाळी दूध घालायला जायचे तेव्हा मापाच्या रांगेपेक्षा माझं लक्ष त्या लांबलचक वहीकडे असायचं. दर दहा दिवसांचं नवं पान सुरू करताना आबा आधी डावीकडे सगळ्या सभासदांची नावं अनुक्रमांकानं उतरवून घ्यायचे. दूध येवो न येवो, नाव आधी. मग रोज सकाळ-संध्याकाळ उजवीकडचे रकाने भरत जायचे. ज्या दिवशी कोणाचं दूध आलं नाही, त्या रकान्यात एक आडवी रेघ. पान संपलं की काही नावांसमोर नुसत्याच रेघा असायच्या. आजीच्या नावासमोरही कधी कधी सलग महिनाभर रेघा असत, आणि त्या बघून आबा विचारायचे, “म्हातारे, कवा व्यायची म्हस?” शाळेच्या हजेरीपटात गैरहजर मुलाचं नावही आधीच लिहिलेलं असतं, म्हणून तर त्याची गैरहजेरी मांडता येते, आबांच्या वहीचं तसंच होतं. हा लेफ्ट आउटर जॉइन आहे हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. डावीकडचं टेबल पूर्ण घ्यायचं, उजवीकडचं मिळेल तेवढं जोडायचं, न मिळेल तिथे रिकामं सोडायचं. वही लिहिणाऱ्याला ती निवड रोज हातानं करावी लागायची, त्यामुळे ती त्याच्या नजरेतून सुटत नव्हती.

निवड नजरेसमोर असण्याचा आणखी एक काळ मी पाहिला आहे. माझ्या पहिल्या नोकरीत एक ज्येष्ठ सहकारी होते. ओरॅकल या डेटाबेसवर वाढलेले. आमच्या त्या जुन्या प्रणालीत जॉइन हा शब्दच नसायचा. क्वेरीच्या फ्रॉम या भागात स्वल्पविराम देऊन टेबलांची नावं, आणि वेअर या भागात सगळ्या अटी एकत्र. ज्या टेबलात जोडीदार ओळ नसण्याची शक्यता, त्या बाजूच्या स्तंभापुढे कंसात अधिकचं चिन्ह. एसक्यूएल-९२ या प्रमाणभाषेत इनर आणि लेफ्ट आउटर हे शब्द उघडपणे आले, पण ओरॅकलनं ती लिखावट स्वीकारली ती थेट २००१ च्या ९आय आवृत्तीत, आणि तोवर लिहिलेलं सगळं त्या अधिक-चिन्हांवरच उभं होतं. एकाच टेबलावर चार अटी असतील तर चारही ठिकाणी ते चिन्ह हवं. एका ठिकाणी जरी राहिलं तरी सगळा जोड निमूटपणे इनर होऊन बसायचा. ना चूक दाखवली जायची, ना सूचना मिळायची, फक्त ओळी कमी व्हायच्या. हे गृहस्थ लांब क्वेरी कागदावर छापून घेत आणि पेन्सिलीनं त्या अधिकांना गोल करत बसत. तेव्हा मला त्यांची ती पद्धत फार जुनाट वाटायची. आता वाटतं, ते त्या यादीतली माणसं मोजत होते.

मला ओआरएम मनापासून आवडतं, हे इथंच सांगायला हवं. टेबलं, परकीय कळा (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारे रकाने), टोपणनावं हे सगळं आड ठेवून नुसता ठिपका देत पुढे जायचं, संकलनाचा सभासद, सभासदाची गल्ली, गल्लीचं गाव, यात एक सुख आहे. विचार ज्या वळणानं जातो त्याच वळणानं कोड जातो. पण त्या प्रत्येक ठिपक्याच्या पोटात एक जोड असतो, आणि तो कोणत्या जातीचा हे प्रत्येक ओआरएम आपापल्या रीतीनं ठरवतं. जँगो बघतं की ही परकीय कळ रिकामी राहू शकते का. राहू शकत असेल तर सिलेक्ट_रिलेटेडमध्ये (जोडलेली नोंद सोबतच मागवण्याच्या सोयीत) लेफ्ट, नसेल तर इनर. जावातल्या हायबरनेट या ओआरएममध्ये क्वेरीच्या भाषेत नुसता ठिपका देऊन पलीकडचं नाव मागितलंत की तो जोड इनरच, मग ते नातं ऐच्छिक असो वा नसो. म्हणजे ज्या ऑर्डरला ग्राहक नाही, ती ऑर्डर ग्राहकाचं नाव मागितल्याबरोबर नाहीशी. जावाच्याच जेपीए या प्रमाणातल्या क्रायटेरियात जॉइनला काही सांगितलं नाही तर इनर. हवा असेल तर जॉइनटाइप लेफ्ट असं लिहून द्यावं लागतं. रूबीच्या रेल्स चौकटीत जॉइन्स म्हणजे इनर, आणि लेफ्ट_आउटर_जॉइन्स नावाची वेगळी पद्धत २०१६ मध्ये पाचव्या आवृत्तीत आली. मला सगळ्यांत बोलकी वाटते ती मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटची गोष्ट. कोडमध्येच क्वेरी लिहू देणारं लिंक (LINQ) तिथे २००७ मध्ये आलं, तेव्हापासून इनर जोडासाठी जॉइन ही सरळ क्रिया होती, पण लेफ्ट हवा असेल तर आधी ग्रुपजॉइन, मग रिकाम्याला डिफॉल्ट द्या, मग पुन्हा सपाट करा, अशी तीन पायऱ्यांची कसरत. लेफ्टजॉइन या नावाची स्वतःची क्रिया डॉटनेट १० मध्ये, २०२५ साली मिळाली. असलेल्यांना जोडणं एका शब्दात, आणि नसलेल्यांना धरून ठेवायचं तर तीन पायऱ्या. जे लिहायला सोपं तेच जास्त लिहिलं जातं, आणि मग जगभरच्या कितीतरी रिपोर्टांतून कितीतरी आक्का गळत असणार.

हे नुसतं साधनांचं दुखणं नाही, त्याचं मूळ बरंच मागे जातं. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉडनं १९७० मध्ये डेटाची संबंधांवर आधारलेली (रिलेशनल) मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हा जोड म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळींचाच. गणिताच्या अंगानं तेच स्वच्छ. दोन संच, त्यांच्यातलं साम्य. जुळलं नाही त्याचं काय, हा प्रश्न गणिताला पडत नाही, तो वही लिहिणाऱ्याला पडतो. १९७९ च्या निबंधात कॉडनं आपली मांडणी वाढवली. डेटामध्ये आणखी अर्थ पकडायचा, हा त्याचा घोषित हेतू. त्या निबंधात नल (‘इथे काही नाही’ ही खूण) आणि आउटर जॉइन बरोबरीनं येतात, आणि ते तसे एकत्र येणं मला फार खरं वाटतं. न जुळलेल्याला यादीत ठेवायचं, तर त्याच्यासमोरच्या रिकाम्या जागेत काहीतरी मांडता आलं पाहिजे. आबांची आडवी रेघ.

त्या रेघेवर मी बराच वेळ अडले होते.

कारण लेफ्ट जॉइन केला की आक्काच्या लिटरसमोर नल येतो. तिथे शून्य छापावं की कोरं सोडावं? शून्य लिटर दूध घातलं आणि दूध घातलंच नाही, यात डेअरीवर फरक आहे. घातलेलं दूध नासकं निघालं, परत गेलं, तर पावती असते आणि तिच्यावर शून्य असतं. घातलंच नाही त्याची पावतीच नसते. प्रोग्रामरचा हात सवयीनं कोअलेसकडे जातो, नल आला की शून्य कर, म्हणजे बेरीज अडत नाही. मी आबांना विचारलं. ते म्हणाले, “रेघ मार.” रिपोर्टात आता रेघ येते. शेजारचा रकाना आणखी फसवा निघाला: ‘दूध घातल्याच्या वेळा’. तिथे काउंट स्टार होता, म्हणजे ओळी मोजायच्या. लेफ्ट जॉइनमध्ये आक्काची एक ओळ असतेच, रिकामी का असेना, त्यामुळे भाकड म्हशीच्या आक्कानं दहा दिवसांत एकदा दूध घातलं असं यादी सांगू लागली असती. संकलनाच्या नोंदीची कळ मोजली की रिकाम्या जागा गणतीतून गळतात आणि शून्य मिळतं. एका स्टारचा फरक.

या सगळ्यात एक गोष्ट अशी कळली की ती मी कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहूच शकत नव्हते. जुन्या रिपोर्टांची मी चळत काढली आणि शेवटची ‘एकूण सभासद’ ही ओळ बघत गेले. पावसाळा सरताना म्हशी व्यायला लागतात, दिवाळीपुढे दूध चढतं. डेअरीवाले त्याला पुष्ट काळ म्हणतात. उन्हाळ्यात म्हशी आटतात, तो कृश काळ. आणि संस्थेची सभासदसंख्या बरोबर त्याच लयीत वर-खाली होत होती! दिवाळीच्या सुमारास गाव भरलेलं, मेमध्ये ओसरलेलं. संस्थेचं आय नमुन्यातलं सभासद रजिस्टर कपाटात जसंच्या तसं होतं, त्यात कोणी आलं-गेलं नव्हतं. यादी मात्र म्हशींच्या वेतांबरोबर श्वास घेत होती. आणि उन्हाळ्यात जी नावं गळत होती ती कोणाची? ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरं आहेत त्यांची एखादी आटली तरी दुसरी दुधात असते, ते कधीच गळत नाहीत. गळतात ते एक म्हैसवाले. विधवा, म्हातारे, ज्यांनी उचल घेऊन पेंड आणली आहे आणि म्हैस व्यायची वाट बघत आहेत. नेमके ज्यांच्याबद्दल संचालकांनी त्या महिन्यात बोलायला हवं, तेच कागदावर नसायचे. कोणी तसं ठरवलं नव्हतं. कोणी काहीच ठरवलं नव्हतं, हीच माझी तक्रार आहे. जॉइनची जात लिहून दाखवायला हवी, हे माझं म्हणणं त्या चळतीपाशी पक्कं झालं.

दुरुस्ती तशी लहान. जँगोच्या २.० आवृत्तीत, २०१७ च्या डिसेंबरात, फिल्टर्डरिलेशन नावाची सोय आली. तिच्यात नात्यालाच अट जोडता येते, ‘या दहा दिवसांतलं संकलन’ हे एक वेगळं नातं म्हणून जाहीर करता येतं, आणि मग ती अट वेअरमध्ये न जाता जोडाच्या ऑनमध्ये जाऊन बसते. या दोन जागांमधला फरक समजला की निम्मं कोडं सुटतं. ऑनमधली अट ठरवते, उजवीकडून काय जोडायचं. वेअरमधली अट ठरवते, अखेरीला यादीत कोण उरणार. तारीख ऑनमध्ये गेली तर ती दुधाची चाळणी होते. वेअरमध्ये गेली तर माणसांची. एसक्यूएल हातानं लिहिणारेही इथं घसरतात: लेफ्ट जॉइन लिहितात, आणि खाली वेअरमध्ये उजव्या टेबलाची अट घालून त्याचा नकळत इनर करून टाकतात. ‘लेफ्ट’ हा शब्द मग क्वेरीत नुसता शोभेला राहतो.

नव्या जोडाची पहिली यादी छापून आली. आक्का होती. नावासमोर रेघ, पुढच्या रकान्यात पेंडेची बाकी. मी खाली वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. आजीचं नाव होतं. सभासद क्रमांक, नाव, रेघ. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. वारस नोंद आमच्याकडून राहून गेलेली, तिचा भाग अजून तिच्याच नावावर. इतकी वर्षं इनर जॉइननं तिला झाकून ठेवलं होतं, आणि लेफ्ट जॉइननं तिला भाकड म्हशींच्या रांगेत आणून बसवलं. बरं वाटलं की वाईट, ते मला आजही नीट सांगता येत नाही. छापील अक्षरांत तिचं नाव बघून आधी खरंच आनंद झाला होता. मग आबा म्हणाले, अशी मयत नावं पुष्कळ निघतील, दहा दिवसांच्या यादीत ती नकोत, घरच्यांना बघवत नाही. भागभांडवलाच्या यादीत मात्र हवीतच, तिथून नाव काढलं तर पैसे कोणाचे? म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारा म्हणून लेफ्ट जॉइन चांगला आणि इनर वाईट, असं काही नाही. मयत असल्याची खूण सभासदाच्या टेबलावर, डावीकडे. ती अट वेअरमध्येच जायला हवी, कारण इथे माणसंच गाळायची आहेत. ती ओळ मी लिहिली. दहा दिवसांच्या यादीतून आजी पुन्हा गेली. भागांच्या यादीत आहे.

माझ्याबरोबर काम करणारा एक तरुण सहकारी मधे म्हणाला, ताई, मग सगळीकडे लेफ्टच का टाकत नाही, कोणी हरवायचं नाही. त्याला मी सांगितलं ते असं. इनर जोडात डेटाबेस टेबलांचा क्रम हवा तसा बदलून सोयीचा रस्ता काढू शकतो, आउटर आला की ती मोकळीक बरीच आटते, मोठ्या टेबलांवर ते जाणवतं. पण खरं कारण वेगळं. इनर हेसुद्धा एक विधान आहे. या संकलनाला सभासद असलाच पाहिजे, नसेल तर ती नोंद मला मान्य नाही, असं त्यातून म्हणता येतं. ते म्हणायचंच असेल तर जाणून म्हणावं. म्हणून आम्ही आता प्रत्येक रिपोर्टाच्या कोडवर एक ओळ मराठीत लिहितो: या यादीत कोण आहे आणि कोण नाही. नवं नातं जोडलं की जोडायच्या आधीची आणि नंतरची ओळींची संख्या आणि लिटरची बेरीज ताडून बघतो. दोन्हींपैकी कशातही फरक पडला तर थांबायचं.

त्या ताळ्यानंच दुसऱ्या बाजूचं भोक दाखवलं. रोजच्या संकलनाच्या रिपोर्टात आधी नुसते सभासद क्रमांक होते. त्यात नाव दाखवायचं म्हणून सभासदाचं टेबल जोडलं आणि जुन्या वर्षांची लिटरची बेरीज घटली. नावाचा एक रकाना वाढवला तर दूध कमी कसं होईल? संस्थेचा सुरुवातीचा डेटा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधून आणलेला. त्यात काही संकलनांवर असे सभासद क्रमांक आहेत जे आज रजिस्टरात नाहीत. आयात अडू नये म्हणून त्या वेळी परकीय कळेचं बंधन डेटाबेसमध्ये घातलंच नव्हतं, जँगोच्या मॉडेलमध्ये, म्हणजे कोडमधल्या टेबलाच्या वर्णनात, मात्र सभासद अनिवार्य लिहिलेला. जँगोनं मॉडेलवर विश्वास ठेवला आणि इनर जोड केला. आक्काच्या वेळी दुधाशिवाय माणूस गळालं होतं, इथे माणसाशिवाय दूध गळालं. दोन्ही एका कागदावर आणायचे तर फुल आउटर जॉइन हवा, तो जँगोचं ओआरएम देत नाही, म्हणून दोन वेगळ्या क्वेऱ्या करून खाली-वर जोडल्या आहेत. निनावी दुधाच्या ओळींना नावाच्या जागी आबांनी सुचवलेला शब्द छापतो: ‘तपासणे’. त्यातल्या काही क्रमांकांची माणसं आबांना तोंडपाठ आठवली, कोणाचा भाग मुलाच्या नावे झाला, कोण गाव सोडून इचलकरंजीला गेलं. बाकीचे क्रमांक घेऊन ते जुन्या खतावण्या चाळत आहेत, आणि त्या दुधाचा दरफरक कोणाच्या खात्यावर दाखवायचा हा विषय संचालकांच्या पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घेतला आहे.